दशांशरावांचा दोनशेचा तास

“माझा एक तास म्हणजे दोनशे! पूर्ण दोनशे! ना एक पैसा इकडे, ना एक पैसा तिकडे!”

रविवारी सकाळी अर्ध्या गालावर दाढीचा फेस तसाच ठेवून दशांशरावांनी ही घोषणा केली, तेव्हा ऐकायला घरात दोनच माणसं होती. बायको शिवणाच्या मशीनला तेल घालत होती आणि आई खिडकीशी बसून चष्म्याची काच पुसत होती. दोघींपैकी कुणीही टाळी वाजवली नाही.

“कसला तास?” आईने विचारलं.

“माझा गं! पगार एकेचाळीस हजार सहाशे. कामाचे दिवस सव्वीस. दिवसाचे तास आठ. सव्वीस आठे दोनशे आठ. आता भाग! बरोब्बर दोनशे, शेष शून्य! आमच्या कारखान्यातल्या दोनशे चाळीस माणसांचे पगार भागून पाहिले मी. शेष शून्य फक्त माझाच!”

“छान झालं,” बायको म्हणाली. “आता त्यातली पाच मिनिटं काढून हे चाक धरा जरा.”

“पाच मिनिटं म्हणजे सोळा पूर्णांक सहासष्ट...” असं पुटपुटत दशांशरावांनी चाक धरलं.

हे काही त्यांचं खरं नाव नव्हे बरं का! हे नाव ऑफिसने ठेवलेलं. कारखान्याची पगारपत्रकं एकवीस वर्षं तेच करत होते, आणि कुणाच्या पगारात चार पैशांचा घोळ निघाला तर हा माणूस जेवणाचा डबा बंद करून आधी तो घोळ निस्तरायचा. माणूस वाईट नव्हता हो! उलट सज्जन म्हणावा असाच होता. पण ज्याच्या हातात हातोडी त्याला सगळीकडे खिळेच दिसतात म्हणतात ना, तसे ह्यांना सगळीकडे भागाकार दिसायचे. दोनशेचा तास सापडल्यापासून तर विचारूच नका! हरवलेला मोजा ते शोधेनासे झाले. “दहा मिनिटं शोधायचं म्हणजे तेहतीस. नवा जोड तीसला मिळतो!” म्हणत वेगवेगळ्या रंगांचे मोजे घालून ऑफिसला जायला लागले.

इथवर ठीक होतं. पण पुढच्याच रविवारी अकरा वाजता रंगारी आला.

रंगारी का आला, ते आधी सांगितलं पाहिजे. बाहेरच्या खोलीत बायकोचा शिवणक्लास सुरू व्हायचा होता. पुढच्या सोमवारी, चार वाजता. अकरा बायकांनी नावं नोंदवली होती, आगाऊ फी दिली होती, आणि त्या फीतून दुसरं मशीनही येऊन दाराआड उभं राहिलं होतं. खोलीच्या भिंती मात्र अशा, की पाहुणा टेकून बसला तर उठताना पाठीवर नकाशा घेऊन जायचा. रंग लावल्याशिवाय क्लास नाही, हे बायकोने महिन्याभरापूर्वीच सांगून ठेवलं होतं.

रंगारी पंचावन्नच्या घरातला, काटकुळा, कानाच्या पाळीवर पांढरे ठिपके कायमचे बसलेले. त्याने चारी भिंतींवर बोटाने टकटक केलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, रंग, प्रायमर, भेगा बुजवायची लांबी, सगळं तुमचं. मजुरी माझी. उक्ते नऊ हजार सहाशे. चार दिवसांत खोली ताब्यात.”

उक्ते म्हणजे सगळ्या कामाचे मिळून एकच पैसे. मग ते काम दोन दिवसांत उरको नाहीतर दोन महिने चालो, ते रंगाऱ्याचं नशीब! बायकोला आकडा पटला. ती “ठीक आहे” म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात दशांशरावांनी खिशातून पेन काढलं.

“चार दिवस. रोजचे आठ तास. बत्तीस. नऊ हजार सहाशे भागिले बत्तीस...” आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. “तीनशे! अगं, तासाला तीनशे! मी दोनशे आणि हा तीनशे? एकवीस वर्षं दशांश सांभाळले मी! आणि हा ब्रश फिरवणार आणि माझ्या दीडपट घेणार?”

“अहो, असू दे ना. त्याचं काम त्याला, तुमचं तुम्हाला.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे हा!”

घरातला पुरुष तत्त्वावर आला की बायकांनी खुर्च्या आवरून घ्याव्यात, हे त्या घरात ठाऊक होतं. बायकोने मशीनवर चादर टाकली.

“हे बघा,” दशांशराव रंगाऱ्याला म्हणाले, “उक्तंबिक्तं आपल्याला जमत नाही. तासावर काम करा. तासाला दीडशे! जेवढे तास, तेवढे पैसे.”

रंगारी पुन्हा भिंतीकडे बघायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं.

“तासावर? म्हणजे लागेल तेवढा वेळ?”

“लागेल तेवढा. फक्त काम नीट झालं पाहिजे.”

“नीट?” रंगाऱ्याचा आवाज कातर झाला. “तीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकतोय, साहेब!”

त्याच क्षणी दशांशरावांना शंका यायला हवी होती. पण ते मनात बत्तीस गुणिले दीडशे करण्यात दंग होते. चार हजार आठशे! निम्मेच! बसल्या जागी निम्मे वाचवले! आणि सगळं कसं रीतसर हवं म्हणून त्यांनी ऑफिसचा छापील नियमांचा कागद काढला, कारखान्याचं नाव खोडून तिथे स्वतःचं घातलं, खाली रंगाऱ्याची सही घेतली आणि एक कोरी हजेरीवही खिळ्याला टांगली. त्या कागदावर अकरा कलमं होती. दशांशरावांना ती पाठ होती, पण ती मालकाच्या बाजूने कधी वाचायची वेळ आली नव्हती!

सोमवारी बरोब्बर नऊला रंगारी आला, वहीत वेळ लिहिली, आणि दशांशराव शीळ घालत ऑफिसला गेले. संध्याकाळी परतले तर अर्धी भिंत खरवडलेली. फक्त अर्धी!

“आठ तासांत एवढंच?”

“साहेब, आत पाच रंग निघाले.” रंगाऱ्याने भिंतीवर प्रेमाने हात फिरवला. “हा हिरवा बघा. ह्याच्याखाली पिवळा. उक्त्यात असतो तर वरूनच मारून गेलो असतो, कुणाला कळलंही नसतं. उक्त्यात आम्ही भिंतीकडे बघत नाही. पण तासावर म्हटल्यावर भिंत आमच्याकडे बघते! दीडशे घेऊन खोटं काम करायचं म्हणजे पाप लागेल.”

दशांशरावांनी मान हलवली. प्रामाणिकपणावर आक्षेप कसा घ्यायचा, हे एकाही कलमात नव्हतं. तेवढ्यात आई आतून म्हणाली, “फार गुणी आहे रे हा! माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची सगळी गोष्ट ऐकली त्याने. मध्ये एकदाही तोडलं नाही. पाऊण तास!”

पाऊण तास! एकशे बारा पूर्णांक पाच! दशांशरावांनी कपाळाला हात लावला. जी गोष्ट ते गेली सहा वर्षं फुकट ऐकायचं टाळत होते, ती आज विकत घेऊन दुसऱ्याला ऐकवली होती!

“आई, उद्या त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही!”

“का? तो काय मुका आहे?”

मंगळवारी त्यांनी देखरेखीसाठी ऑफिसातून फोन करायचं ठरवलं. दर तासाला एक. आईचं बोलणं चाललंय का, लांबी किती भरून झाली, शिडीवर आहात की खाली, सगळं विचारायचे. फोन वाजला की रंगारी शिडीवरून उतरायचा, हात धुवायचा, पुसायचा, सविस्तर उत्तर द्यायचा, आणि पुन्हा चढायचा. संध्याकाळी त्याने स्वतःहूनच वहीत नोंद करून ठेवली होती, “साहेबांचे फोन : पन्नास मिनिटे.” एकशे पंचवीस! फोनचं बिल वेगळंच!

“बास!” दशांशराव गरजले. “उद्यापासून मी स्वतः घरी थांबतो! डोळ्यांदेखत काम करून घेतो!”

“रजा कुठे शिल्लक आहे?” बायकोने विचारलं. “पाय मुरगळला तेव्हाच संपली की.”

“बिनपगारी घेतो!”

बायकोने हातातली कात्री खाली ठेवली. “म्हणजे बाराशेच्या माणसावर लक्ष ठेवायला सोळाशेचा माणूस?”

दशांशरावांनी मनात ताळा घेतला. आकडा बरोबर होता. तोंडी केला होता, कागदाशिवाय! पण आता माघार घेतली तर आई चार घरी सांगेल, ह्या भीतीने ते म्हणाले, “गुंतवणूक आहे ही!”

बुधवारी ते खुर्ची टाकून भिंतीसमोर बसले. तासाभरात त्यांच्या लक्षात आलं, की रंगारी कामचुकार अजिबात नाही. तो हळू आहे, कारण तो नीट करतोय. एकेका भेगेत लांबी भरायची, वाळू द्यायची, पॉलिशपेपरने घासायची, गाल टेकवून बघायची, आणि मान हलवून पुन्हा भरायची. गाल टेकवून! स्वतःच्या पोराच्या परीक्षेचा निकालसुद्धा कुणी इतक्या बारकाईने पाहत नाही.

तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. खरवडायचं नि घासायचं काम तर कुणीही करील! आपण केलं तर तेवढे तास वाचतील! त्यांनी बाह्या सरसावल्या.

“द्या इकडे तो खरवडायचा पत्रा!”

“साहेब, तुम्ही?”

“का? मला हात नाहीत?”

हात होते, पण मनगट नव्हतं. मग रंगाऱ्याने शिकवायला घेतलं. “मनगट सैल सोडा. भिंतीशी भांडू नका साहेब, तिला गोडीत घ्या. हां, असं. नाही, असं नाही!” तास शिकवण्यात गेला, तोही दीडशेने. पण दुपारनंतर हात बसला. गंमत म्हणजे त्यांना ते आवडायला लागलं! एकवीस वर्षं आकडे मांडले, ते महिन्याच्या शेवटी पुन्हा शून्यापासून सुरू. इथे मात्र हात फिरेल तिथे भिंत गुळगुळीत होत होती आणि तशीच राहत होती. संध्याकाळी नाकापर्यंत पांढरे होऊन ते आरशासमोर उभे राहिले आणि स्वतःवरच खूश झाले. पाच तास घासलं होतं त्यांनी.

“हात बरा आहे तुमचा,” रंगारी म्हणाला. पगारवाढीच्या पत्रानेही त्यांना इतका आनंद झाला नव्हता.

आणि गुरुवारी तो आनंद नडला. स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवर एक फुगवटा होता. रंगारी म्हणाला, “तिकडे राहू द्या साहेब, ते मी बघतो.” पण तीन तास घासून अंगात वारं भरलेलं! “फुगवटाच तर आहे!” म्हणत दशांशरावांनी पत्र्याच्या मागच्या बाजूला हातोडीचा एक ठोका दिला.

फुगवटा फुटला. आणि आतला जुना पाइपही.

पाणी असं उसळलं, की पहिली धार थेट आईच्या चष्म्यावर! “अगं बाई, छत गळतंय!” म्हणून आई ओरडली. बायको नवं मशीन ओढायला धावली, रंगारी लांबीच्या गोण्या छातीशी धरून शिडीवर चढला, आणि दशांशराव तळहाताने भोक दाबून उभे राहिले. भोक दाबलं की पाणी कोपरातून यायचं, कोपर मिटलं की बगलेतून! मुख्य नळ बंद करायचा असतो, हे सुचलं ते शेवटी आईला.

प्लंबर तीन तासांनी आला. त्याने भिंतीत डोकं घातलं, एक तुकडा कापला, एक जोडला, आणि हात पुसले. दहा मिनिटं!

“आठशे.”

दशांशरावांचे ओठ हलले. आठशे, दहा मिनिटं... गुणिले सहा... “चार हजार आठशे! तासाला!” ते भिंतीला धरून खाली बसले. ओल्या भिंतीला.

“तुम्हीही तासावर का नाही घेत?” त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

“घेतो की,” प्लंबर म्हणाला, “पण मग साहेब, मी तुमचा पाइप नीट बघायला लागेन.”

दशांशरावांनी झटकन आठशे दिले.

तोवर रंगारी उलट्या बादलीवर बसून होता. “तुम्ही घरी जा आज,” दशांशराव म्हणाले. “काम तर बंदच आहे.”

“कलम सहा!” आतून आईचा आवाज आला. दोन दिवसांत वाचायला दुसरं काही नसल्याने आईने तो छापील कागद पाठ करून टाकला होता. “मालकाच्या कारणाने काम थांबलं, तर कामगार हजर असेपर्यंत वेळ कामातच धरायचा! आणि पाणी उपसायला तास जास्त लागला, तर त्याला कलम चार! आठ तासांवर दुप्पट!”

“आई, तू कुणाच्या बाजूची आहेस?”

“कागद तूच आणलास ना रे?”

शुक्रवारी तर कहरच झाला. भिंत ओली. ओल्या भिंतीवर रंग बसत नाही. घरातले दोन्ही पंखे भिंतीकडे तोंड करून ठेवले, घरातल्या माणसांना घाम, भिंतीला वारा! दशांशरावांनी बजावलं, “पूर्ण वाळल्याची खात्री झाल्याशिवाय हात लावायचा नाही.” मग रंगारी भिंतीकडे बघत बसला आणि दशांशराव रंगाऱ्याकडे. दर मिनिटाला अडीच! अडीच... अडीच... घड्याळाचा काटा त्यांना काळजात टोचत होता.

चार वाजता बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. दोन्ही मशीनं ओट्याशी, कापडाचे गठ्ठे पलंगावर, आणि हातात अकरा नावांची यादी. यादी तिने दशांशरावांपुढे धरली. मग बोलली, आणि आवाज चढवला नाही म्हणूनच दशांशराव घाबरले.

“परवाच्या दिवशी सोमवारची तयारी करायची आहे मला. अकरा बायका येणार. त्यांना कुठे बसवू? तुमच्या हजेरीवहीवर?”

“अगं, भिंत वाळली की...”

“बारा वर्षं मी त्या ओट्यावर कापड कापलं. भाजी चिरून झाली, ओटा पुसला, की कापड. लोकांचे पडदे, लोकांच्या पोरींचे फ्रॉक, उशांचे अभ्रे. रात्री तुम्ही आडवे झालात तरी काजं करत बसायचे. कधी म्हटलं का, की माझा तास कितीचा? पहिल्यांदा ह्या घरात मला कुणीतरी बाई म्हणणार होतं हो! शिकवणारी बाई! आणि तुम्ही...” तिचे डोळे भरून आले. “तुम्ही भिंत भागत बसलात.”

सवयीने दशांशरावांनी मनातल्या मनात बारा वर्षांचे तास करून पाहिले. तास खूप आले, हजारांनी आले. पण वर मांडायला रक्कमच नव्हती. शून्याला कितीने भागलं तरी शून्यच, हे त्यांना चौथीपासून माहीत होतं, पण त्याची लाज पहिल्यांदाच वाटली.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. हे वाक्य त्या घरात इतकं नवं होतं, की आईने आतून डोकावून पाहिलं.

बायकोने डोळे पुसले, खिळ्यावरची हजेरीवही काढून कपाटावर फेकली आणि रंगाऱ्यापुढे उभी राहिली.

“उरलेल्या कामाचं बोला. उक्तं किती?”

रंगारी बादलीवरून ताडकन उठला. “घासून झालंय, लांबी झालीय. प्रायमर आणि रंगाचे दोन हात. दोन हजार द्या, वहिनी.”

“आणि वेळ?”

“उद्या पाचला दारात उभ्या राहा.”

“अहो पण भिंत?” दशांशरावांनी चाचरत विचारलं. “ओली आहे ना?”

“भिंत सकाळी अकरालाच वाळली, साहेब. तुम्ही म्हणालात पूर्ण खात्री करा, म्हणून खात्री करत होतो.”

शनिवारी रंगारी भावाला घेऊन आला आणि त्या घराने काम म्हणजे काय ते पाहिलं! नवाला प्रायमर. बाराला पहिला हात. दोघं भाऊ शिडीवरून असे सरकत होते, की आई गुडघ्याची गोष्ट सांगायला दोनदा आली आणि दोनदा परत गेली. “ऐकतच नाही मेला!” ती कुरकुरली. “कालपर्यंत किती गुणी होता!” दुपारी दुसरा हात. पाचला दहा मिनिटं कमी असताना फरशी पुसून झाली होती.

पण भिंती! काय सांगू तुम्हाला! चार दिवस घासलेल्या त्या भिंती साखरेच्या पाकासारख्या गुळगुळीत दिसत होत्या. रंगारी दारात उभा राहून बघत होता. “अशी भिंत पुन्हा नाही व्हायची हातून,” तो म्हणाला. “कोण देतंय तासावर?”

दशांशराव ऑफिसातून परतल्यावर हिशेब झाला. चाळीस तासांचे सहा हजार, दुप्पट दराच्या एका तासाचे तीनशे, उक्त्याचे दोन हजार. दशांशरावांनी मान खाली घालून मोजून दिले. रंगाऱ्याने ते घेतले, त्यातले काही पुन्हा मोजले आणि दशांशरावांच्या हातावर ठेवले.

“हे काय?”

“चारशे ऐंशी. तुमची मजुरी. बुधवारी पाच आणि गुरुवारी तीन, आठ तास तुम्ही घासलंत. वहीत ते माझ्या नावावर चढले, पण हात तुमचा होता. फुकटचे कसे घेऊ? नव्या हेल्परला मी तासाला साठ देतो.”

“साठ?” दशांशरावांचा आवाज उंदरासारखा आला.

“जुन्याला ऐंशी देतो. पाइपचे कापले नाहीत. नव्या माणसाकडून होतं असं.”

तो गेल्यावर आई चष्मा लावून पुढे आली. “मग एकूण वाचले किती रे?”

दशांशरावांनी हिशेब केला. रंगारी आठ हजार तीनशे, प्लंबर आठशे, जादा लांबी आणि पॉलिशपेपर सातशे, तीन दिवसांची बिनपगारी चार हजार आठशे. एकूण चौदा हजार सहाशे. रंगाऱ्याने पहिल्या दिवशी मागितले होते नऊ हजार सहाशे.

“उणे पाच हजार,” ते म्हणाले. “माझी मजुरी धरली तर उणे चार हजार पाचशे वीस.”

“चार आण्याची कोंबडी,” आई म्हणाली, आणि पुढचं बोलायची तिला गरजच पडली नाही.

सोमवारी दशांशराव ऑफिसातून साडेपाचला परतले. दारात अकरा जोड चपला होत्या, त्यामुळे स्वतःच्या घरात ते पाहुण्यासारखे अंग चोरून शिरले. आत दोन्ही मशीनं खडखडत होती. बायको गळ्यात टेप अडकवून मधोमध उभी होती, आणि एक बाई खडूने कापडावर रेघ ओढत विचारत होती, “बाई, इथून कापू का?”

बाई! दशांशरावांनी दारातच तो शब्द ऐकला आणि त्यांना उगाचच खाकरावंसं वाटलं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा असा खुलला होता, की आठ तासांची मजुरीच काय, आठ दिवसांची बुडाली असती तरी त्यांनी हिशेब केला नसता. निदान लगेच तरी!

“बाई, भिंत काय सुरेख झालीय हो!” कोपऱ्यातली एक बाई हात फिरवत म्हणाली. “कुणाचं काम?”

“तीन भिंती रंगाऱ्याच्या,” बायको म्हणाली. “ही तुमच्या बाजूची मात्र नव्या हेल्परने घासलीय. हात बरा आहे त्याचा.”

“घेतो किती?”

“तासाला साठ.”

“साठच? मग आमच्याकडे पाठवा की त्याला! आमची माजघराची भिंत कधीची खरवडायचीय!”

बायको ओठ दाबून दाराकडे बघायला लागली. अकरा माना तिकडे वळल्या. दशांशराव हातात डबा, पायात एक निळा नि एक करडा मोजा, अशा अवस्थेत उभे होते. दोनशेचा तास त्यांच्या जिभेच्या टोकाशी आला होता. त्यांनी तो गिळला.

“रविवारी येईन,” ते म्हणाले. “फक्त भिंतीतून पाइप कुठून जातो, ते आधी दाखवून ठेवा.”

हशा थांबायच्या आत आतल्या खोलीतून आईचा खणखणीत आवाज आला, “उक्त्यात घे गं बाई त्याला! तासावर घेतलंस तर महिनाभर घासत बसेल!”